मोत्यांना माणूस लागतं

तुळजाक्कांच्या गळ्यात दर आठवड्याला वेगळे मोती असायचे, आणि त्यांतले एकही त्यांचे नव्हते.

मी लग्न होऊन कऱ्हाडहून तंजावूरला आले ती पन्नाशीचं दशक संपत आलं तेव्हा. राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर आणि भिंतीला भिंत लावून त्यांचं. त्यांचे यजमान रावजी कलेक्टर कचेरीत कारकून, मुलगी तिरुवैयारुला दिलेली. घरात दोघंच, पण ओट्यावर माणसं कायम. मी आल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या सरळ माझ्या खोलीत आल्या, खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "उघड गे तुझी पेटी. बघूं काय काय आणलीस."

मला राग आला. मी नीटनेटकी बाई. माहेरून निघताना प्रत्येक दागिना मेणकापडाच्या पिशवीत घालून, वर चिठ्ठी डकवून, पत्र्याच्या डब्यात लावला होता. डब्यात कापराच्या वड्या. यादी वेगळी, तिची प्रत वेगळी. कुणीही शाबासकी द्यावी असं काम. सासूबाईंनी दारातून खूण केली, दाखव म्हणून. मी डबा उघडला.

अक्कांनी वाकून वास घेतला आणि शिंकल्या. "अय्यो! हे काय, मोती आहेत की लोकरीचे कपडे?" मग माझा मोत्यांचा सर पिशवीतून काढला, गालाला लावला, उजेडात धरला. आईचा सर तो. मला तो ठीक दिसत होता. अक्कांचा चेहरा मात्र आजारी मूल बघावं तसा झाला.

"शेवटी कधी घातलेली?"

"लग्नात."

"त्याच्या आधी?"

"आईने तिच्या लग्नात."

"पावं गे, बिचारा," त्या सराला म्हणाल्या, मला नाही. "सोनं एकटं राहतं. हिरा एकटा राहतो. मोत्यांना माणूस लागतं. हवा लागते, अंगाची ऊब लागते. कोंडून ठेवलंस तर सुकतात, पिवळे पडतात, मग तडे जातात." आणि तो सर त्यांनी स्वतःच्या गळ्यात घातला, पदर सारखा केला आणि निघाल्या. दारात वळून म्हणाल्या, "तूं घालणार नाहीस तंवर मी घालतें."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "जाऊं दे," म्हणाल्या. "माझाही तिच्याकडेच आहे."

अख्ख्या गल्लीचे होते. कुणाची सून बाळंत, कुणी सुतकात, कुणी मदुरैला मुलाकडे गेलेली. जिचे मोती बिनमाणसाचे पडायचे तिचे अक्कांच्या गळ्यात यायचे. एक आठवडा हिचे, एक आठवडा तिचे. त्या ते घालून भाजी चिरायच्या, दारात कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढायच्या, बाजारात वांग्यांवरून भांडायच्या. नव्याने बदलून आलेल्या एका अधिकाऱ्याच्या बायकोने त्यांना देवळात तीन शुक्रवारी तीन वेगळ्या सरांत पाहिलं आणि ही कोण जमीनदारीण म्हणून अदबीने शेजारी येऊन बसली. "तुमचे जव्हेरी कोण?" असं तिने विचारलं. मी अक्कांच्या दुसऱ्या बाजूला होते. अक्का म्हणाल्या, "हे आमच्या समोरच्या अलमेलू मामीचे. गेल्या शुक्रवारचे हिच्या सासूचे. तुमचे कोठें ठेवलेत? कपाटात? आणून द्या की मग." पुढच्या आठवड्यात त्या बाईंचा दुपदरी सर अक्कांच्या गळ्यात होता. त्यांच्या स्वतःच्या अंगावर मंगळसूत्र, हातात दोन बांगड्या आणि नाकात हिऱ्याची चमकी. घरात एक अंगठी होती, तिची हकिकत पुढे सांगते.

त्यांची मराठी आमच्या कऱ्हाडकडच्या कानाला पणजीच्या काळची वाटायची, आणि चाल मात्र तमिळ. मधेच अख्खं वाक्य तमिळमध्ये जायचं आणि शेवट मराठीत व्हायचा. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती. मी दागिन्यांची यादी लिहायला बसले की विचारायच्या, "कागदास काय सांगतीस गे? तो घालणार आहे काय?"

शुक्रवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर धुणं असायचं, दागिन्यांचं. मोठी परात, तिच्यात दुमडलेला पंचा, वर कोमट रिठ्याचं पाणी. मोरीजवळ दागिना न्यायचा नाही, हा पहिला नियम. दागिना सगळ्यांत शेवटी अंगावर चढतो आणि सगळ्यांत आधी उतरतो, हा दुसरा. तेल, फुलं, अत्तर सगळं झाल्यावर मोती. फिरकी घट्ट बसली तर ओढायची नाही, खोबरेल तेलाचा थेंब सोडून बोलत बसायचं. कोणाबरोबर बोलायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बहुधा फिरकीबरोबर. चांदीला विभूती. हिऱ्याच्या कुड्यांना रिठा आणि मऊ ब्रश.

हा ब्रश म्हणजे रावजींचा दाढीचा. नवा ब्रश हिऱ्याला चालत नाही, टोचतो. रावजींनी वर्षभर वापरला की तो नेमका तयार होतो. तयार झाला की अक्का तो उचलायच्या आणि रावजींसाठी नवा, राठ ब्रश आणायच्या. रावजी गरीब स्वभावाचे. एकदा मला म्हणाले, "मुली, ह्या घरात चांगलं वागण्याचं बक्षीस नाही. मी ब्रशास वळण लावतों आणि तो हिऱ्यांच्या घरी नांदायला जातो."

केंपाच्या दागिन्यांना मात्र पाण्याची बंदी होती. त्या तांबड्या खड्यांच्या मागे लाख असते. अलमेलू मामी समोर राहायच्या, उत्साही बाई. त्यांनी एकदा अक्कांना न विचारता आपले केंपाचे झुमके कढत पाण्यात टाकले, वरून झाकण ठेवलं. थोड्या वेळाने झाकण काढलं तर झुमके नागडे आणि तळाला डाळिंबाचे दाणे. मामी पातेल्यासकट रडत आल्या. अक्कांनी पातेल्यात बघितलं आणि इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. "मामी, मीठ घातलंत काय?" मग मामीही हसायला लागल्या. अक्कांनी दाणे गाळून पुसून, मोजून कापडात बांधले आणि आसारीकडे, म्हणजे सोनाराकडे, स्वतः जाऊन बसल्या. झुमके पुन्हा तयार झाले. मामी पुढे कुठेही गेल्या तरी ही गोष्ट आपणच आधी सांगून टाकायच्या.

दागिने ठेवायची त्यांची पद्धतही सांगितली पाहिजे. प्रत्येक दागिन्याला जुन्या मलमलीचा वेगळा तुकडा, धुऊन धुऊन मऊ झालेला. एका डब्यात सगळे कोंबलेले त्यांना बघवत नसत. "एका खोलीत सगळ्या जावा घातल्यास तर ओरखडणार नाहीत काय?" आणि जागा? पेटी नाही, कपाट नाही. चोर आधी तिथेच बघतो. त्यांची अंगठी मेथ्यांच्या डब्यात असायची, कारण घरात मेथ्यांना कोणी हात लावत नसे. एकदा त्या मुलीच्या बाळंतपणाला तिरुवैयारुला गेल्या. रावजींना वाटलं, आल्या दिवशी बायकोला गरम इडली द्यावी. उडीद भिजवताना मूठभर मेथ्या टाकाव्यात हे त्यांना कुठून तरी माहीत होतं. मूठ मोठी होती. सकाळी रगड्यावर रुब्बायला, म्हणजे वाटायला, बसले आणि पहिल्याच फेऱ्याला दगड किंचाळला. गल्लीतल्या सगळ्या बायका धावल्या. अंगठीला काही झालं नव्हतं, थोडी चपटली एवढंच. अक्का परतल्यावर त्यांनी ती बोटात घातली, फिरवून बघितली, म्हणाल्या, "बरं झालं. ढिली होत होती." आणि पुन्हा मेथ्यांत ठेवून दिली.

आता कावेरीच्या लग्नाचं.

कावेरी माझी नणंद. शांत, लाजरी, पण एकदा नाही म्हटलं की नाही. तिचं पुण्याच्या मुलाशी जमलं. आमच्या घरात आनंद होता आणि धाकधूकही. तंजावूरची मराठी माणसं इतकी वर्षं तिकडे. पुणेकर त्यांना आपलं म्हणतील की सांबारवाले म्हणून हसतील, ही सासूबाईंची भीती. पुण्यात झालेल्या बैठकीत मुलाच्या आजींनी एकच अट घातली होती. हुंडा नको, मानपान नको, पण मुलीने लग्नात त्यांच्या घरची नथ घालायची. सगळ्यांनी आनंदाने मान डोलावली. तयारीच्या माझ्या यादीत ती ओळ होती: नथ, वरपक्ष आणणार. मी पुढे खूणही केली.

पाहुणे लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आले. आजी उंच, सरळ, नऊवारीच्या निऱ्या इस्त्री केल्यासारख्या. कॉफी झाल्या झाल्या त्यांनी चंदनाची डबी उघडली. कापसाच्या गादीवर नथ. मोत्यांचा घोस, मधे लाल खडा. कावेरीला समोर बसवलं, हनुवटी वर केली आणि नथ डाव्या नाकपुडीला लावली.

तिथे भोक नव्हतं.

तमिळ देशात मूक्कुत्ती, म्हणजे चमकी, उजवीकडे घालतात. आमच्या गल्लीतल्या सगळ्या मराठी मुलींची नाकं पिढ्यान् पिढ्या उजवीकडेच टोचलेली. कोणाच्या कधी लक्षातच आलं नव्हतं, जसं आपल्या बोलण्याची चाल आपल्याला ऐकू येत नाही. मी येऊन दोन वर्षं झाली होती. सुरुवातीला चमकले होते, मग सवय झाली. आणि नथ तर डावीकडचीच घडवतात. तिचा बाकच तसा. उजवीकडे लावली तर घोस ओठावर यायच्या ऐवजी कानाकडे तोंड करतो.

"उजवीकडे?" आजी म्हणाल्या. "हे कुठलं नाक?"

पुण्याची एक बाई हसली. सासूबाईंचा चेहरा उतरला. "आत्तां टोचून घेऊं," त्या घाईने म्हणाल्या. "आसारीस बोलावतें."

"मला नको," कावेरी म्हणाली. हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "उद्या सुजलेलं नाक घेऊन मी उभी राहणार नाही. आणि उजवीकडचं नाक काही चूक नाही."

आजींनी डबी मिटायला घेतली. त्या मिटण्यात लग्न मोडणं नव्हतं. पण कावेरी ज्या घरात जन्म काढणार होती, त्या घरात ती कशी शिरणार हे तिथे ठरत होतं. सासूबाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं आणि मी शेजारी गेले.

तुळजाक्का रिठ्याच्या ओल्या हातांनीच आल्या. त्यांनी कावेरीच्या नाकाकडे बघितलंही नाही. पदराला हात पुसत आजींसमोर बसल्या, नमस्कार केला आणि म्हणाल्या, "डबी देतां काय? बघून देतें."

आजींनी दिली. अक्कांनी पितळेचं ताट मागितलं, त्यात पंचा पसरला आणि त्यावर नथ ठेवली. मग वास घेतला.

"कापूर. हिला कितीक वर्षं कोणी घातली नाही?"

"माझ्या सासूबाईंची आहे," आजी ताठपणे म्हणाल्या. "मी माझ्या लग्नात घातली. पुढे जपून ठेवली. हरवली तर?"

"म्हणजे तुम्हींही एकदांच घातलेली?"

"एकदाच."

"तुम्हांस शोभली असेल," अक्का म्हणाल्या. त्यात खुशामत नव्हती. त्या खरंच नाक निरखत होत्या. मग त्यांनी दोन बोटांनी नथ उचलली आणि खिडकीकडे धरली. "ही तार बघा. बाकापाशी झिजून गेली आहे. केसासारखी—"

तार तुटली. मोती पंच्यावर पडले आणि जागच्या जागी थांबले.

मघाची हसणारी बाई "अगं बाई!" म्हणाली. आजींचा हात छातीवर गेला. अक्का मात्र ताटावर वाकून मोती मोजत होत्या. "सगळे आहेत," त्या म्हणाल्या. "आजी, आज ताटात तुटली हे बरं. उद्या होमापुढे तुटली असती तर भटजींसकट सगळे समिधांत हात घालून बसले असते."

आजींना हसू आलं नाही. पण त्यांनी हात छातीवरून खाली घेतला.

आसारी आला, ओसरीवर आपली शेगडी आणि चिमटे मांडून सोन्याची तार ओढायला बसला. अक्कांनी एक एक मोती ओल्या मलमलीने पुसला आणि मग जे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी आजींची मूठ उघडली, त्यात सगळे मोती ओतले आणि मूठ मिटली.

"तार होईस्तंवर धरून बसा. थंड पडले आहेत. तुमच्या घरचे आहेत, तुमचीच ऊब पाहिजे त्यांस."

आता, मुठीत मोती धरलेल्या माणसाला उठता येत नाही, बोट दाखवता येत नाही, डबी मिटता येत नाही. आजी बसून राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी कावेरीला जवळ बोलावलं, मुठीतून पाणी येतंय का बघ म्हणाल्या, तळवा घामेजला होता. कावेरीने आपल्या पदराने टिपलं. मग आजी आपल्या लग्नाचं सांगायला लागल्या. तेव्हा त्या नऊ-दहा वर्षांच्या, नथ तोंडापेक्षा मोठी, जेवताना प्रत्येक घास नथीखालून चोरून घालावा लागला. सासूने जिलबी वाढली तर पाक मोत्यांना लागला आणि बोलणी खावी लागली. "तेव्हाच ठरवलं, पुन्हा घालायची नाही," आजी म्हणाल्या आणि स्वतःच थबकल्या. जपून ठेवण्याचं खरं कारण बहुधा पहिल्यांदाच तोंडातून निघालं होतं. कावेरी हसली. आजीही हसल्या. ओसरीवरून रावजी म्हणाले, "जिलबी उद्या आमच्याकडेही आहे. सावध."

तेवढ्यात आसारीने तार उचलून विचारलं, "एन्द पक्कं?" कोणती बाजू?

बाक द्यायची वेळ आली होती. एकदा दिला की झालं. आम्ही सगळ्यांनी अक्कांकडे बघितलं. त्यांना सहज सांगता आलं असतं. आसारी त्यांचा, तमिळ त्यांचं, पुणेकरांना कळलंही नसतं. पण त्यांनी मराठीत, मोठ्याने विचारलं, "आजी, कोणती बाजू विचारतो आहे. नथ तुमची. तुम्हीं सांगा."

आजींनी मुठीकडे बघितलं. मग कावेरीची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे फिरवलं, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या.

"उजवी," त्या म्हणाल्या. "आणि जरा आखूड घडव म्हणावं. पोरीला जेवता आलं पाहिजे."

सासूबाई रडल्या, अलमेलू मामी रडल्या, मी जेवणाची पानं मोजायला आत गेले, कारण कोणीतरी ते करायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी कावेरी उजवीकडे नथ घालून उभी राहिली. मोती एका दिवसात काही चमकायला लागले नव्हते, पण त्यांच्यावर ओलसर उजेड होता. आजी पंगतीत ज्याला त्याला सांगत होत्या, "आमच्याकडे उजवीकडची नथ आहे." निघताना स्टेशनवर त्यांनी ती चंदनाची डबी अक्कांच्या हातात दिली. रिकामी.

"ही आता तुम्हाला," म्हणाल्या. "आमच्याकडे तिला काम उरलं नाही."

मी नंतर अक्कांना विचारलं, तार मुद्दाम तोडलीत का? त्या भयंकर चिडल्या. "मोत्यांशी खोटं करूं काय मी?" मग दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "पण मूठ मुद्दाम मिटलेली. मुठीत मोती असतांना माणसास भांडतां येत नाही. रावजींवर करून बघितलेलं आहे."

पुढे ह्यांना सोलापूरला गिरणीत नोकरी लागली आणि आम्ही निघालो. निघायच्या सकाळी अक्कांनी माझा सर आपल्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातला. ऊन ऊन होता, आत्ताच न्हाऊन आलेल्या मुलासारखा. मला वाटलं होतं त्या काही शिकवण देतील. त्या म्हणाल्या, "सोलापूर कोरडं आहे म्हणतात. रोज घाल," आणि कोलमाचं पीठ आणायला गेल्या.

साठीचं दशक संपायच्या सुमाराला मी सासूबाईंना बघायला एकदा तंजावूरला गेले. कुंभकोणमहून बस धरली. पापनाशमला गाडी बराच वेळ थांबली तेव्हा मी हळूच पदराखाली हात घालून बघितलं. प्रवासात दागिना घालायचा नाही, असं माझ्या प्रवासाच्या यादीत पहिल्या ओळीला लिहिलेलं आहे. तरी सर गळ्यात होता.

अक्का ओट्यावर होत्या. केस पांढरे झालेले, कानाला कमी ऐकू येत होतं, चष्मा जाड. मांडीशेजारी चंदनाची डबी, तिच्यात रिठे. रावजी सुपारी कातरत होते आणि त्यांच्या हनुवटीवर ब्रशाचे ताजे ओरखडे होते, म्हणजे नवा ब्रश आला होता. अक्कांच्या गळ्यात कोणाचा तरी तिपदरी सर होता.

"कोणाचा हा?" मी कानाशी ओरडून विचारलं.

"आठवत नाही गे. कोणीतरी येईल मागायला." मग त्यांनी विचारलं, "नथ?"

मी सांगितलं. कावेरी सणासुदीला घालते. आजी गेल्या, पण जाईपर्यंत प्रत्येक मंगळागौरीला तिला समोर बसवून स्वतः नथ लावायच्या. आणि कावेरीला मुलगी झाली आहे; तिचं नाक टोचायची वेळ आली तेव्हा पुण्याच्या सोनाराने डावीकडे सुई धरली, तर सासरच्या सगळ्या बायका एकदम ओरडल्या, "उजवीकडे! आमची नथ उजवीकडची आहे!"

अक्का ऐकून गदगदून हसल्या, डोळे पुसले. मला वाटलं आता त्या मला जवळ घेतील. त्यांनी हात पुढे केला तो थेट माझ्या पदराखाली गेला, मानेपाशी. सर बोटांत धरून त्या डोळे मिटून थोडा वेळ बसल्या.

"बरे आहेत," त्या रावजींना म्हणाल्या.

मग डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तूं कशी आहेस गे?"